बांधलेले शिसे

शके १९६५ च्या पौष महिन्यात, म्हणजे इंग्रजी सन २०४४ च्या जानेवारीत, खानदेशातील जळगाव शहरी, सरकारी विश्लेषण प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हेमकांत फिरके यांच्या राहत्या घरी पुढील हकिकतीस आरंभ झाला. महिना सांगता येतो. दिवस सांगता येत नाही. शिसे माणसाच्या अंगात शिरते तेव्हा ते दार वाजवून शिरत नाही.

त्या महिन्यात फिरक्यांची एकुलती एक मुलगी शाल्मली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नाशिकच्या पाणीपुरवठा खात्यात ती अभियंता होती आणि बापासारखीच कोणतेही म्हणणे तपासल्यावाचून मान्य न करणारी होती. सातवा महिना लागला तरी तिच्या उलट्या थांबल्या नव्हत्या. आईने, कुमुदने, कळण्याची भाकरी करून पाहिली, वरण-बट्टी करून पाहिली, कोवळ्या वांग्यांचे भरीत करून पाहिले. पोरीच्या पोटात काही ठरेना. ताटावर बसायची, दोन घास घ्यायची आणि उठून मोरीकडे जायची. गर्भारपणात चेहऱ्यावर जे तेज यायचे ते आले नव्हते, आणि कुमुदची झोप उडाली होती.

हे धाकट्या जावेला, इंदूला, कळले तेव्हा तिने आपल्या घरचे लिंबाचे लोणचे पाठवून दिले. त्यात तेल नाही, तिखट नाही, मोहरी नाही. नुसती लिंबे आणि मीठ. उन्हे दाखवून, वर्षानुवर्षे मुरवून फोडी डांबरासारख्या काळ्या होतात आणि रस काकवीसारखा घट्ट होतो. तापातून उठलेल्याला, तोंडाची चव गेलेल्याला आणि डोहाळ्यांनी हैराण झालेल्या पोरीला हे लोणचे बोटभर चाटवायचे, असा खानदेशात जुना परिपाठ आहे. ज्या घरात चार वर्षांचे काळे लोणचे असते त्या घरच्या बाईला आळीत मान असतो, आणि इंदूचे लोणचे चार वर्षांचे होते. शाल्मलीने ते चाटले आणि त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली, ती पोटात राहिली. कुमुदने इंदूला फोन लावला आणि बोलता बोलता तिला रडू आले. तेव्हापासून दोन्ही वेळच्या ताटात लोणचे असे, आणि दुपारी शाल्मली स्वयंपाकघरात जाऊन आणखी एखादी फोड गुपचूप तोंडात टाकी.

लोणचे ज्या डब्यातून आले तो डबा केळीच्या वेफर्सचा होता. मोरपंखी रंगाचा, जाड बुडाचा, झाकण टक्कन बसणारा. कायद्याच्या दृष्टीने ते एकदा वापरून परत करायचे वेष्टन होते, आणि तसे त्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत उठवलेलेही होते. पण चांगला डबा टाकून देणारी बाई महाराष्ट्रात जन्माला यायची आहे. वेफर्स एका संध्याकाळी संपतात, डबा पिढीभर टिकतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तेच डबे लुटले जात. चिनीमातीच्या जड बरण्या फुटत गेल्या तशी त्यांची जागा या डब्यांनी घेतली. कुमुदच्या फडताळात त्यांची उंच चळत होती.

हे डबे हेमकांतांच्या धाकट्या भावाच्या, भास्करच्या, कारखान्यात तयार होत. आणि ज्या नियमाखाली ते तयार होत तो नियम हेमकांतांच्या युक्तिवादावर उभा होता. नियम झाला त्या काळी भास्कर चटया विणत होता, तेव्हा भावासाठी कोणी काही केले असे म्हणता येणार नाही. हेमकांत भावासाठीच काय, स्वतःसाठीही आकडा वाकवणारे गृहस्थ नव्हते. अमुक वस्तू विषारी आहे असे कोणी म्हटले की ते आधी विचारीत, "किती?" भाजीवाल्याने मेथी ताजी म्हटली तर ती केव्हा उपटली याची चौकशी करीत. मर्यादा हा माणसाने लावलेला सर्वांत सभ्य शोध आहे, असे त्यांचे आवडते मत होते आणि ते मत मांडण्याची एकही संधी ते वाया घालवीत नसत.

तो नियम असा होता. पूर्वी शिसे, कॅडमियम, पारा आणि क्रोमियमचे विषारी रूप हे चार जड धातू मिळून कोणत्याही वेष्टनात दहा लाख भागांत शंभर भागांहून अधिक असू नयेत, एवढीच अट होती. खनिज तेलापासून कोरे प्लास्टिक होत असे तोवर ती पाळणे अवघड नव्हते. पुढे कोऱ्या प्लास्टिकवर बंदी आली आणि सर्व प्रकारचे जुने प्लास्टिक एकाच भट्टीत विरघळवून पुन्हा नवे करण्याची प्रक्रिया निघाली. त्या भट्टीत पिवळ्या-तांबड्या रंगांची जुनी क्रेट गेली, विजेच्या तारांची आवरणे गेली, घरोघरचे गंजके नळ काढून बसवलेले प्लास्टिकचे पाइपही गेले. प्लास्टिक नवे झाले. धातू नवा होत नाही आणि नाहीसाही होत नाही. रंगांतले कॅडमियम आणि पाइपांतले शिसे जसेच्या तसे बाहेर आले. दर फेरीत थोडे प्लास्टिक जळून घटे, धातू तेवढाच उरे. म्हणून दर फेरीत त्याचे प्रमाण चढत जाई. शंभराची मर्यादा सगळ्या देशात कोणालाच पाळता येईना.

तेव्हा पिंजर निघाला. पिंजर म्हणजे पिठासारखी बारीक पूड. तिचा प्रत्येक कण म्हणजे असंख्य पोकळ पिंजऱ्यांची रचना. भट्टीत ती मिसळली की धातूचा अणू त्या पोकळीत शिरतो आणि निवताना पोकळीचे तोंड आवळते. धातू डब्यात असतो, पण डब्यातून निघत नाही. अशा बांधलेल्या धातूला मर्यादेच्या हिशेबात धरावे की नाही, असा वाद आवेष्टन मानक समितीपुढे आला, आणि हेमकांतांनी तो एका दुपारी निकालात काढला. पिंजऱ्यातला वाघ गावात शिरलेला वाघ म्हणून मोजायचा असेल, ते म्हणाले होते, तर प्राणिसंग्रहालय असलेल्या प्रत्येक शहरात कायमची संचारबंदी लावावी लागेल. सभासद हसले. त्या दिवसापासून मर्यादा फक्त सुट्या धातूला लागू झाली.

सुटा धातू ओळखण्याची कसोटीही ठरली. डब्यात सौम्य व्हिनेगर भरावे, ते कोमट राखून दहा दिवस ठेवावे, आणि त्यात जे उतरेल तेवढेच सुटे मानावे. डबा एकदाच वापरायचा असल्यामुळे दहा दिवस पुष्कळ झाले. कसोटीच्या द्रवात मीठ का नाही, असे एका सभासदाने विचारले होते. त्याचे उत्तर सर्व प्रयोगशाळांना पाठ होते. धातू मोजणाऱ्या यंत्राच्या बारीक तोंडाशी मिठाचा थर बसतो आणि यंत्र आजारी पडते, म्हणून खारट नमुना यंत्राला द्यायचा नाही. देवघरात चप्पल घालून जायचे नाही, इतक्या सहजपणे ही रीत पाळली जाई. तिच्यावर कोणी वाद घातला नाही. वादाची हौस असलेल्या हेमकांतांनीही नाही.

पौष सरता सरता शाल्मलीच्या पोटात कळा येऊ लागल्या, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, आणि डॉ. नसीमा तडवींनी तिचे रक्त तपासायला पाठवले. तडवीबाई यावलच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोललेले परत न घेणाऱ्या. त्यांनी हेमकांतांना स्वतः बोलावून घेतले आणि सांगितले की रक्तात शिसे आहे, गर्भवतीला जेवढे चालते त्याच्या तिप्पट आहे. शिसे ओढून काढणारी औषधे या दिवसांत बिनधोक देता येत नाहीत. लोह आणि चुना देऊ, पण खरा उपाय एकच, ते येते आहे तिथे बंद करणे.

"आणि लवकर शोधा, सर," त्या म्हणाल्या. "आईकडे ते थांबत नाही. बाळाला हाडं करायला चुना लागतो, आणि चुना कुठला नि शिसं कुठलं हे बाळाला कळत नाही."

हेमकांतांनी शोध आरंभला तो त्यांच्या पद्धतीने, म्हणजे काहीही न गाळता. नळाचे पाणी, विहिरीचे पाणी, हळद, मसाले, कुंकू, भिंतींचा जुना रंग, पितळी पातेल्यांची कल्हई, शाल्मलीच्या बांगड्या, तिची नाशिकहून आलेली औषधे. एकेक वस्तू प्रयोगशाळेत गेली आणि निर्दोष ठरून परत आली. सहकारी हळहळत, पण साहेबांच्या चिकाटीचे कौतुकही करीत. कुमुदने एकदा विचारले की लोणचे न्यायचे नाही का. त्यांनी तिला समजावले की लोणच्यात लिंबू आणि मीठ यांखेरीज काही नाही, लिंबे भास्करच्या परसातल्या झाडाची आहेत, मीठ शुद्धतेच्या सरकारी शिक्क्याचे आहे, आणि खारट नमुना यंत्राला चालत नाही. तरीही, कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून, त्यांनी चळतीतला एक रिकामा डबा उचलला आणि त्याची नियमाप्रमाणे कसोटी लावली. व्हिनेगर भरले, कोमट ठेवले, वाट पाहिली. निष्कर्ष मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आला. तो त्यांनी घरी आणून जेवणाच्या टेबलावर कुमुदला दाखवला.

त्या दहा दिवसांत शाल्मली आणखी वाळली, आणि हेमकांतांनी स्वतः तिच्या ताटात लोणच्याची फोड वाढली. एवढा एकच पदार्थ पोटात ठरतो, ते म्हणाले, तेव्हा त्यात काटकसर नको.

दुसऱ्या तपासणीत शिसे वाढलेले निघाले. तडवीबाईंनी फोनवर एवढेच सांगितले की जे काही आहे ते याच घरात आहे आणि ती ते रोज घेते आहे. हेमकांत त्या दुपारी जेवायला बसले, पण त्यांचा हात भाकरीकडे जाईना. समोर शाल्मली बसली होती. नाशिकला एखादी गळती शोधताना विचारावे तशा शांत आवाजात तिने विचारले.

"बाबा, जे तपासता येतं ते सगळं तुम्ही तपासलंत. तुम्हाला तपासता येत नाही असं घरात काय आहे?"

हेमकांतांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि त्यांची नजर तिच्या ताटाच्या डाव्या बाजूला गेली. मग त्यांनी हात पुढे करून ते ताट आपल्याकडे ओढून घेतले.

ज्याला यंत्र नको म्हणते त्याला तपासण्याची एक पद्धत यंत्राच्या आधीपासून आहे. हेमकांत ती विद्यार्थिदशेत शिकले होते आणि पुढे त्यांनी ती कधी वापरली नव्हती. त्यांनी लोणच्याची राख केली, ती आम्लात विरघळवली, मीठ मागे राहील अशा रीतीने द्रव सोडवला आणि त्यात डिथायझोनचे हिरवे द्रावण मिसळून नळी हलवली. कोवळ्या पोपटासारखा हिरवा रंग असतो त्याचा. शिसे नसेल तर तो हिरवाच राहतो. नळीतला रंग क्षणभर मळकट झाला आणि मग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. त्यांनी दुसरी नळी भरली. तीही लाल झाली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दुपारचे ऊन येत होते, आणि त्या उन्हात तो रंग इतका सुंदर दिसत होता की हेमकांतांनी खिडकीचा पडदा ओढला.

कारण समजायला त्यांना फार वेळ लागला नाही, आणि हीच गोष्ट त्यांना अधिक लागली. न्हाणीघरात जड पाणी मऊ करणारे यंत्र असते. त्यातल्या कणांनी पाण्यातला चुना धरून ठेवलेला असतो, आणि महिन्याकाठी त्यावर मिठाचे पाणी सोडले की मीठ आत शिरते आणि चुना बाहेर पडतो. पिंजराची जात तीच. थोड्या मिठाला तो दाद देत नाही. पण मिठाने गच्च भरलेल्या द्रवात वर्षानुवर्षे बसला की मिठाचे कण एकेका पोकळीच्या तोंडाशी रेटा देत राहतात आणि आतल्या धातूला बाहेर ढकलतात. बाहेर लिंबाचे आम्ल टपलेले असते. व्हिनेगरच्या रेणूला धातू पकडायला एकच नांगी. लिंबाच्या आम्लाला तीन. ते आम्ल जे पकडते ते परत आत जात नाही. काळे लोणचे हे, आपण समजतो तसे, नुसते अन्न नव्हते. बांधलेले शिसे सोडवून घेण्यासाठी याहून चांगला द्रव कोणा रसायनशास्त्रज्ञाला मुद्दाम बसून सुचला नसता. आणि लोणचे जितके जुने, तितके ते अधिक प्रेमाने गर्भवतीला वाढले जात होते.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळे शाल्मलीला उभ्यानेच सांगितले. ती ऐकत असताना तिचा उजवा हात पोटावर होता. तिने विचारले, "मी किती खाल्लं?" आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारणारे हेमकांत खाली बसले.

कुमुदने फडताळ उपसले. मोरपंखी डब्यांचा ढीग अंगणात लागला. एकात आमसुले होती, एकात चिंच, एकात मागच्या उन्हाळ्याची कैरी. घंटागाडी येण्याची वेळ झाली होती. तिने विचारले, "अहो, हे टाकू तरी कुठे?" गाडी ते डबे भास्करच्या भट्टीत नेणार, भट्टी त्यांचे नवे डबे करणार, आणि नव्यात शिसे जुन्यापेक्षा थोडे अधिकच असणार. हेमकांतांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि सगळा ढीग गॅरेजमध्ये नेऊन कुलूप लावले. दुसरे काही त्यांना सुचले नाही.

भास्करला सांगायला ते कारखान्यातच गेले. भट्टीपलीकडे नवे डबे साच्यातून पटापट पडत होते. भास्करने सगळे ऐकले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पहिले वाक्य बोलला ते बायकोबद्दल. इंदूला एवढ्यात सांगू नका, तो म्हणाला. ती अन्नपाणी सोडील. त्याचे डोळे भरून आले होते. शाल्मलीला त्याने खांद्यावर बसवून मेहरूणच्या तलावावर फिरवले होते. पण भट्टी बंद कर म्हणताच त्याचा आवाज बदलला.

"बुडाशी लिहिलंय, भाऊ. एकदाच वापरा."

"कोण वाचतं ते?"

"तुम्ही वाचता ना. मग वहिनींच्या फडताळात चळत कशी?"

भास्करला राहवले नाही. चिनीमातीच्या बरणीच्या झिलईतही शिसे असे, तो म्हणाला, आणि आपल्या मायने त्याच बरणीतले लोणचे खाऊन पाच पोरे वाढवली. हेमकांतांनी त्याला दाखवून दिले की पाचांतली दोन वाढली नव्हती. भास्करने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मी आज भट्टी विझवतो," भास्कर शेवटी म्हणाला. "पोरीसाठी विझवतो. पण राज्यात असे कितीक कारखाने आहेत आणि सगळे तुमच्या नियमानं चालतात. मला मोडून काय होणार, भाऊ? तुमचा नियम मोडा."

त्याने खरोखरच भट्टी विझवली. त्या संध्याकाळी शेजारच्या वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्याने त्याच्याकडे यायचे जुने प्लास्टिक आपल्या भट्टीसाठी उचलले.

नियम मोडण्यासाठी हेमकांतांनी समितीपुढे अर्ज केला. अर्जाला एका माणसाच्या रक्ताचा पुरावा हवा होता. त्यांनी मसुद्यात 'एक गर्भवती स्त्री' असे लिहिले होते. शाल्मलीच्या नवऱ्याचेही तेच म्हणणे होते. मूल जन्मायच्या आधीच त्याच्या नावावर असला शिक्का नको, असे तो नाशिकहून पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्यावरून नवराबायकोत चार दिवस बोलणे झाले नव्हते. शाल्मलीने मसुदा वाचला आणि आपले नाव, वय, गाव लिहून दिले. नाव नसेल तर ती बाई नव्हतीच असे म्हणतील, ती बापाला म्हणाली. तुम्हीसुद्धा म्हणाला असता.

दरम्यान कुमुद आळीत घरोघर गेली. बायकांनी तिला बसवले, चहा केला, पोरीची चौकशी केली. एकीने डबा तिथल्या तिथे रिकामा केला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पलीकडच्या सरोदेबाई म्हणाल्या की इतकी वर्षे खातो आहोत, आम्हाला कुठे काय झाले? कुमुदला वाटेतल्या अंगणात सरोदेबाईंचा नातू दिसला. पाच वर्षांचा झाला तरी त्याला शाळेत घेत नव्हते, का ते कोणाला सांगता येत नव्हते. ती तिथून सरळ घरी आली.

फाल्गुनात मुंबईस सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्ष श्रीमती विभावरी मुळगुंद यांनी हेमकांतांचा आदराने सत्कार केला, त्यांना मधल्या खुर्चीवर बसवले आणि सावकाश ऐकून घेतले. हेमकांतांनी लाल झालेली नळी दाखवली, मिठाचे आणि लिंबाचे गणित मांडले, मुलीच्या रक्ताचे आकडे वाचले. वाचताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. त्यांनी तो घरी आरशासमोर घटवून घेतला होता.

मग प्रश्न सुरू झाले. डिथायझोनची पद्धत सध्याच्या मानकांत मान्य आहे का? नाही. खारट द्रवासाठी मान्य यंत्रपद्धत अस्तित्वात आहे का? नाही. पुरावा किती घरांचा आहे? एका घराचा. एकदाच वापरायचे वेष्टन चार वर्षे वापरणे हा वेष्टनाचा दोष मानायचा का? हेमकांत म्हणाले की नियम ज्या माणसांसाठी करायचा ती माणसे डबा ठेवतात, हे नियम करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. यावर एका तरुण सभासदाने, कोणताही कुत्सितपणा न आणता, त्यांचेच जुने वाघाचे वाक्य वाचून दाखवले. खोलीत पूर्वीइतकेच हसू उठले.

"वाघ पिंजऱ्यात आहे, हे खरं होतं," हेमकांत म्हणाले. "दाराला मिठाची किल्ली लागते हे मी तपासलं नाही. आणि आपण ती प्रत्येक घरात ठेवलेली आहे."

खारट द्रवासाठी कसोटी तयार करण्यासाठी उपसमिती नेमावी, तिने दीड वर्षात अहवाल द्यावा, तोवर आहे ती मर्यादा कायम राहील, असे ठरले. उपसमितीचे अध्यक्षपद हेमकांतांना देण्यात आले. ते नाकारण्यासाठी ते उभे राहत होते, तेवढ्यात कुमुदचा फोन आला. शाल्मलीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोहोचले. बाहेरच्या बाकावर भास्कर आणि इंदू बसले होते. इंदूला कोणी सांगितले होते ते कळले नाही, पण ती जावेकडे न पाहता फरशीकडे पाहत होती, आणि कुमुद तिच्या पाठीवरून हात फिरवीत होती. शाल्मली सुखरूप होती, गुंगीत होती. मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत ठेवलेले ते बाळ ओंजळीत मावेल एवढे होते; त्याच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या आणि पापण्यांखाली डोळे सारखे हलत होते. हेमकांत काचेशी वाकले. पेटीशेजारी कोणाच्या तरी हातून पाण्याचे भांडे पडून आपटले. शेजारच्या पेटीतले बाळ दचकून रडू लागले. हे बाळ तसेच पडून राहिले.

डॉ. तडवी आल्या तेव्हा हेमकांत सरळ उभे राहिले. त्यांनी विचारले की नाळेच्या रक्तात किती निघाले. बाईंनी आकडा सांगितला. आईपेक्षा किंचित कमी. त्यांनी विचारले की या आकड्याला नवजात बाळासाठी कोणती मर्यादा ठरलेली आहे. बाईंनी सांगितले की कागदावर एक आहे, पण ती ओलांडली नाही म्हणून मूल बरे असते असे त्यांनी कधी पाहिलेले नाही. हेमकांतांनी आणखी एक प्रश्न जुळवला, त्याची शब्दरचना मनात दोनदा बदलली आणि तो सोडून दिला.

"मग मला साध्या भाषेत सांगा," ते म्हणाले.

तडवीबाईंनी एकदा काचेकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे.

"बाळ जगेल, सर. बाकीचं ती बोलायला लागली की कळेल."